‘व इतर’ : यंत्रकृत धूसरता आणि पार्श्वभूमीचे वाचन

१

छायाचित्रातील मुख्य व्यक्ती स्पष्ट ठेवून तिच्यामागचा भाग पुसट करण्याची रीत नवी नाही. नवी आहे ती हे काम छायाचित्र काढून झाल्यानंतर, आणि बव्हंशी संगणकाच्या निर्णयावर सोपवून, करून घेण्याची सोय. अडोबी कंपनीच्या ‘लाइटरूम’ या छायाचित्र-संपादनाच्या प्रणालीत ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘लेन्स ब्लर’ नावाचे साधन प्रायोगिक स्वरूपात आले आणि २०२४ मध्ये ते नियमित झाले. कोणतेही छायाचित्र, मग ते आजचे असो वा साठ वर्षांपूर्वीच्या कागदी प्रतीवरून उतरवून घेतलेले असो, या साधनापुढे ठेवले की त्यातील प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती दूर असावा याचा अंदाज ते करते, त्या अंदाजाचा एक नकाशा सिद्ध करते आणि नकाशाबरहुकूम मागचा भाग विरघळवून टाकते.

या तंत्राला ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्मिलेली धूसरता’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. काटेकोरपणे पाहता हे नाव दिशाभूल करणारे आहे. धूसर करण्याची क्रिया ही साधी गणिती क्रिया असून ती कित्येक वर्षे संपादन-प्रणालींत उपलब्ध आहे. येथे कृत्रिम बुद्धिमत्ता निर्माण करते ती खोली. चपट्या चित्रात जी खोली मोजमापाच्या रूपाने उपलब्धच नाही, ती हे यंत्र पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांच्या आधारे कल्पिते. म्हणजेच काय पुढे आणि काय मागे, कोण प्रधान आणि कोण गौण, याविषयी ते एक अर्थनिर्णय करते. धूसरता ही त्या अर्थनिर्णयाची केवळ अंमलबजावणी होय.

साहित्यसमीक्षेच्या कक्षेत हा विषय येतो तो येथे. संहितेत प्रधान काय आणि गौण काय हे ठरविणे हेच वाचन, आणि अशा वाचनांची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम. यंत्रकृत धूसरता हे एक वाचन आहे, परंतु ते अलंकाराच्या वेषात येते. त्यामुळे त्याच्याशी वाद घालावा असे कोणाला वाटत नाही. हा वाद घालण्याची आवश्यकता प्रतिपादन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम भिंगाची धूसरता आणि यंत्रकृत धूसरता यांतील भेद स्पष्ट करावयास हवा. भिंग एका विशिष्ट अंतरावर केंद्रित केले असता त्या अंतरावरील बिंदूचे बिंदूच उमटते. त्याच्या अलीकडील वा पलीकडील बिंदूची लहानमोठी वर्तुळे उमटतात. वर्तुळ किती मोठे हे भिंगाचे छिद्र, त्याचे नाभीय अंतर आणि वस्तूंची अंतरे यांवर अवलंबून असते. या व्यवहारात भिंगाला माणूस आणि भिंत यांतला भेद कळत नाही. सारख्या अंतरावर उभे असलेले पुढारी, कुत्रे आणि विजेचा खांब सारखेच पुसट होतात. भिंगाच्या धूसरतेत एक प्रकारची उदासीनता आहे, आणि तीच तिची विश्वसनीयता होय.

पर्सच्या चिन्हविचाराच्या परिभाषेत ही धूसरता दर्शक-चिन्ह आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे तसे तिच्यावरून त्या क्षणी तेथे असलेल्या भिंगाचे आणि अंतराचे अनुमान करता येते. यंत्रकृत धूसरता मात्र या धूसरतेची प्रतिमा असते. साम्य असते, कारणसंबंध नसतो. लाइटरूममधील साधनात तर धूसर प्रकाशबिंदूंना कोणता आकार हवा हेही निवडता येते. साधे वर्तुळ, कडे, मांजराच्या डोळ्यासारखा आकार किंवा पाच पात्यांच्या छिद्राचा पंचकोन. जे भिंग तेथे नव्हतेच, त्याच्या पात्यांची खूण चित्रावर उमटविली जाते.

पार्श्वभूमी किती स्पष्ट असावी हा वाद छायाचित्रणाच्या इतिहासात पुन्हापुन्हा उद्भवला आहे. पीटर हेन्री एमर्सन याने ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ (१८८९) या ग्रंथात असे प्रतिपादिले की मानवी डोळा सर्वच गोष्टी सारख्या स्पष्टपणे पाहत नाही; म्हणून छायाचित्रातही मुख्य विषय स्पष्ट आणि बाकीचे किंचित सौम्य असावे. मात्र वस्तूची मूळ घडण नष्ट होईल इतके सौम्य करू नये, ही मर्यादाही त्याने घातली होती. याच्या उलट, १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम प्रभृतींनी जो गट स्थापन केला त्याचे नावच ‘एफ/६४’ असे होते. छिद्र अत्यंत लहान केल्याने जवळचे व दूरचे सारे स्पष्ट उमटते, हे त्या नावातून सूचित होते. पुढे धूसर भागाच्या सौंदर्यासाठी ‘बोके’ हा जपानी शब्द १९९७ साली एका अमेरिकी छायाचित्रण-नियतकालिकाने इंग्रजीत रूढ केला, आणि धूसरता स्वतंत्र आस्वादाचा विषय झाली.

भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्याचे भिंग इतके लहान की त्यातून पार्श्वभूमी फारशी पुसट होतच नाही. तंत्राच्या दृष्टीने ही मर्यादा. परंतु या मर्यादेमुळे सामान्य माणसाच्या हाती नकळत ‘एफ/६४’ गटाचा कॅमेरा आला होता, असेही म्हणता येईल. ती मर्यादा दूर करण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने दोन भिंगांच्या साहाय्याने अंतर मोजून ‘पोर्ट्रेट’ पद्धती आणली. २०१७ मध्ये गुगलच्या पिक्सेल २ ने हे एकाच भिंगावर साधले. त्याच्या पाठीमागील कॅमेऱ्यात अंतराचे काही प्रत्यक्ष मापन होत असे. परंतु दर्शनी, म्हणजे स्वतःचे छायाचित्र काढण्याच्या कॅमेऱ्यात, प्रशिक्षित यंत्रणेने आखलेल्या सीमारेषेवरच सारी भिस्त होती. या यंत्रणेच्या लेखी जगात दोनच कोटी होत्या : माणूस आणि माणसाव्यतिरिक्त सारे. हाताच्या अंतरावरील खुर्ची आणि क्षितिजावरील डोंगर एकाच कोटीत गेले. २०१८ च्या आयफोन एक्सएसमध्ये धूसरतेचे प्रमाण छायाचित्र काढल्यानंतर कमीजास्त करता येऊ लागले.

या क्रमात भिंगाने मोजलेले अंतर हळूहळू मागे पडले आणि यंत्राने लावलेला अर्थ पुढे आला. हा अर्थ आहे हे लक्षात येते ते तो चुकतो तेव्हा. विस्कटलेल्या केसांची टोके, चष्म्याची कड, कमरेवर ठेवलेला हात आणि धड यांमधील पोकळी या जागी यंत्र अडखळते. कानाचा तुकडा पार्श्वभूमीत जातो, किंवा मागच्या भिंतीचा तुकडा माणसाला चिकटून स्पष्ट राहतो. संपादन-प्रणालीत अशा जागा हाताने दुरुस्त करण्यासाठी ब्रश दिलेले असतात. ब्रश दिला आहे याचाच अर्थ असा, की यंत्राचा निर्णय हा एक पाठ असून त्याला पर्यायी पाठ संभवतो, हे प्रणाली बनविणाऱ्यांनाही मान्य आहे.

३

‘पार्श्वभूमी’ हा शब्द मराठी समीक्षेत इतका रुळला आहे की त्याच्या घटकांकडे आपले लक्ष जात नाही. ‘पार्श्व’ म्हणजे बाजू, बरगडीची कूस. शब्दशः पाहिले तर पार्श्वभूमी ही मागची भूमी नसून कुशीलगतची भूमी होय. पार्श्वगायन कॅमेऱ्याच्या दृष्टीने अदृश्य असते, पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तेच पुढे असते. मागे असणे आणि गौण असणे यांचे जे समीकरण छायाचित्र-संपादनात गृहीत धरले जाते, ते या शब्दाला मान्य नाही.

संस्कृत रसविचारालाही ते मान्य नव्हते. विभावाचे आलंबन आणि उद्दीपन असे जे दोन भेद रसविचारात केले जातात त्यांत नायक-नायिका आलंबन, तर ऋतू, उद्यान, चंद्रोदय इत्यादी उद्दीपन. आलंबन केंद्रस्थानी असते हे खरे, पण उद्दीपनावाचून स्थायी भाव जागृत होऊन पुष्ट होत नाही. चंद्रोदयाऐवजी ‘काहीतरी उजळसे’ एवढेच ठेवले तर उद्दीपनाचे कार्य संपते. यंत्रकृत धूसरता नेमके हेच करते. ती पार्श्वभूमीचे अस्तित्व राखते आणि तिचे विशेषत्व काढून घेते.

येथे एरिक आउअरबाखच्या ‘मिमेसिस’ (१९४६) मधील प्रसिद्ध विवेचन आठवणे साहजिक आहे. होमरच्या काव्यात सारे काही समान प्रकाशात, जणू अग्रभूमीतच घडते. उलट ‘उत्पत्ती’च्या पुस्तकातील अब्राहम-इसहाकाच्या कथेत स्थळकाळाचे वर्णन जवळजवळ नाही, तरी ती कथा पार्श्वभूमीने भारलेली आहे. म्हणजे पार्श्वभूमी न दाखविल्याने कृती दरिद्री होतेच असे नव्हे. परंतु अब्राहमाच्या कथेत न सांगितलेले सतत जाणवत राहते. त्या तीन दिवसांच्या प्रवासात काय बोलणे झाले असेल, हा प्रश्न वाचकाला सोडत नाही. तेथे मौन आहे. धूसर छायाचित्रात मौन नसते. मागे काय होते असा प्रश्नच पडू नये अशी मऊ व्यवस्था असते.

चित्रपटविचारात आंद्रे बाझँ याने हा मुद्दा प्रेक्षकाच्या अंगाने मांडला. जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट ठेवणाऱ्या दृश्यरचनेत कोठे पाहावे याची निवड काही प्रमाणात प्रेक्षकाकडे राहते आणि वास्तवाची संदिग्धता शाबूत राहते, असे त्याचे म्हणणे होते. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ (१९४१) मधील ग्रेग टोलंडने चित्रित केलेले एक दृश्य पाहावे. घरात, कॅमेऱ्याजवळ, आई मुलाला एका बँकमालकाच्या स्वाधीन करणाऱ्या कागदांवर सही करीत आहे. आणि दूर, खिडकीच्या चौकटीत, ज्याच्याविषयी हा निर्णय चालला आहे तो मुलगा बर्फात खेळत आहे. हे दृश्य आजच्या एखाद्या संपादन-साधनाकडे सोपविले तर जवळचे चेहरे स्पष्ट राहतील आणि खिडकीतला मुलगा एक करडा ठिपका होईल. यंत्राने अंतर अचूक ओळखले असेल, आणि तरीही दृश्याचा अर्थ सर्वस्वी हरवला असेल.

मराठी कादंबरीच्या संदर्भात हाच प्रश्न ‘प्रादेशिक’ या संज्ञेभोवती चर्चिला गेला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ ही पार्श्वभूमी आहे काय? कथानक, पात्रे, वातावरण अशी पाठ्यपुस्तकी विभागणी केली तर तो वातावरणात जाईल. पण अखेरीस वाडी उठविणारी शक्ती तीच आहे. निवेदक असलेला मास्तर स्पष्ट ठेवून वाडी पुसट केली तर हाती उरेल ते एका तरुणाचे नोकरीतील अनुभवकथन.

४

भाषेलाही धूसरता निर्माण करता येते, हे येथे मान्य केले पाहिजे. ‘कोणीतरी’, ‘चारदोन माणसे’, ‘मंडळी’, ‘बायाबापड्या’, ‘वगैरे’ ही मराठीतील धूसरतेची साधने होत. त्यांतील सर्वांत निर्णायक साधन मात्र छायाचित्राखालील ओळीत आढळते. आपल्याकडील गौरवग्रंथांतून आणि संस्थांच्या स्मरणिकांतून छापलेली समूहचित्रे आठवावीत. ‘बसलेले, डावीकडून’ अशी सुरुवात करून ती ओळ मान्यवरांची नावे क्रमाने देते आणि ‘व इतर’ या दोन शब्दांवर संपते.

परंतु ती ओळ संपते तेथे छायाचित्र संपत नाही. ‘इतर’ म्हणून ज्यांना निकालात काढले त्यांचे चेहरे वर तसेच उमटलेले असतात. मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला गडी, पाण्याचे तांबे घेऊन जाणारी बाई, आपण चित्रात येऊ की नाही अशा साशंकतेने मान पुढे काढणारा मुलगा. छायाचित्राने त्यांना नाव दिले नाही, पण नाकारलेही नाही. चित्र आणि ओळ यांतील या विसंगतीतच उद्याच्या अभ्यासकाची जागा असते. वॉल्टर बेंजामिनने १९३१ सालच्या निबंधात छायाचित्रातील ज्या आकस्मिकतेच्या ठिणगीचा उल्लेख केला तिचे वास्तव्य येथेच असते. छायाचित्रकाराने न योजलेला तपशील पुढच्या काळातल्या पाहणाऱ्याला भेटतो.

रोलाँ बार्थने ‘कॅमेरा ल्युसिडा’त (१९८०) छायाचित्रातील जो ‘पंक्टम’, म्हणजे अनपेक्षितपणे बोचणारा तपशील, सांगितला, तोही अनेकदा मुख्य विषयाच्या बाहेरचा असतो. आंद्रे केर्तेसने १९२१ साली हंगेरीतील अबोनी या गावी काढलेल्या छायाचित्रात एक अंध वादक व्हायोलिन वाजवीत चालला आहे. बार्थला भिडतो तो पायांखालून मागे पसरत गेलेला कच्चा रस्ता. त्या मातीच्या पोतावरून त्याला स्वतः पाहिलेल्या मध्य युरोपातील गावांची ओळख पटते. त्याआधी, १९६८ च्या एका निबंधात, फ्लोबेरच्या कथेतील भिंतीवरच्या वायुभारमापकाचे उदाहरण घेऊन त्याने दाखविले होते की कथेच्या दृष्टीने निरुपयोगी वाटणारा तपशीलच ‘हे वास्तव आहे’ असे सांगत असतो. यंत्रकृत धूसरता प्रथम पुसते ते या निरुपयोगी तपशिलांना.

एडवर्ड सैदने ‘कल्चर अँड इम्पीरिअलिझम’ (१९९३) मध्ये जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’चे (१८१४) जे वाचन केले ते या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या कादंबरीत अँटिग्वा बेटाचा उल्लेख अगदी मोजक्या ठिकाणी, जाता जाता येतो. सैदने त्या उल्लेखांवरून इंग्रजी घराच्या सुव्यवस्थेमागील गुलामांच्या मळ्यांचे अर्थकारण उघड केले. हे शक्य झाले, कारण ऑस्टिनने अँटिग्वाला केंद्रस्थान दिले नसले तरी तो शब्द संहितेत अक्षरशः तसाच राहिला होता. दुर्लक्षित असणे आणि पुसट केलेले असणे यांत हा मूलभूत फरक आहे. दुर्लक्षिताकडे पुढचा वाचक लक्ष देऊ शकतो, पुसलेल्याकडे नाही. मराठीत ‘बलुतं’ (१९७८) आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी जे वाङ्मयीन स्थित्यंतर घडविले त्याचा एक परिणाम असा, की आपण जुन्या कादंबऱ्याही वेगळ्या नजरेने वाचू लागलो, आणि गावाबाहेरच्या वस्तीचे एका वाक्यात उरकलेले उल्लेख शोधू लागलो. ते वाक्य शिल्लक होते म्हणून शोधता आले.

समूहचित्राखालची ओळ ज्यांना ‘व इतर’ म्हणत होती त्यांना आता चित्रातच ‘व इतर’ करता येते. ओळीने दिलेला निवाडा चित्रावर बजावला जातो आणि ओळीच्या विरुद्ध साक्ष देण्याचे चित्राचे सामर्थ्य संपते.

५

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की निवड तर प्रत्येक छायाचित्रात असतेच. चौकट आखताच असंख्य गोष्टी बाहेर राहतात. हे खरे आहे. परंतु चौकट ही उघड निवड आहे. चित्राची कड दिसते आणि तिच्यापलीकडे काही होते हे पाहणारा जाणतो. यंत्रकृत धूसरता आपण केलेली निवड भिंगाच्या नैसर्गिक गुणधर्माच्या नावावर खपविते. बातमीचित्रांच्या क्षेत्रात हा भेद ओळखला गेला आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या नियमांनुसार पार्श्वभूमी संगणकीय पद्धतीने धूसर करण्यास मनाई आहे. चौकट निवडण्यास अर्थातच नाही.

दुसरा आक्षेप रसविचाराच्या दिशेने येईल : विशिष्ट स्थळकाळाची बंधने गळून पडणे म्हणजेच साधारणीकरण, आणि धूसरता तेच साधते. परंतु भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या विचारात साधारणीकरण होते ते विभावादींचे. ते घडण्यासाठी विभाव प्रथम पूर्ण सामर्थ्याने उपस्थित असावे लागतात. दुष्यंताच्या बाणाच्या भयाने पळणाऱ्या हरणाचे वर्णन जितके सूक्ष्म, तितके ते भय सर्वांचे होते. विशेष नाहीसे करून मिळते ते केवळ सामान्य, साधारणीकृत नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला पूर्णतः परतवून लावणे शक्य नाही, तसे करूही नये. दृक्श्राव्य संभाषणात पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये २०१८ साली आली आणि २०२० च्या टाळेबंदीत अशा सोयी घरोघर पोचल्या. एका खोलीच्या घरातून वर्गात हजर राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या धूसरतेने मागची दोरीवरची धुणी आणि झोपलेले आजोबा झाकण्याची मुभा दिली. ज्यांच्यामागे ग्रंथांची कपाटे होती त्यांना तिची गरज भासली नाही. त्यांनी कपाटे दाखविली. म्हणजे येथेही धूसरता सामाजिक विषमतेचीच खूण होती. परंतु ती पांघरणाऱ्याच्या हाती होती. आपली पार्श्वभूमी झाकण्याचा अधिकार ज्याची ती पार्श्वभूमी त्याला असलाच पाहिजे. प्रश्न उद्भवतो तो दुसऱ्याला आपली पार्श्वभूमी ठरवून पुसण्याचा अधिकार कोणी घेतला, याविषयी.

६

या साधनांवर बहिष्कार घालावा असा या लेखाचा निष्कर्ष नाही. पाठचिकित्सेच्या परंपरेत याहून उपयुक्त मार्ग सापडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी एक पाठ वर छापला. परंतु न स्वीकारलेले पाठ त्यांनी फेकून दिले नाहीत. ते त्याच पानावर खाली, कोणत्या पोथीत आढळले याच्या निर्देशासह, दिले. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक यांच्याशी मतभेद व्यक्त करण्याची सामग्री त्यांच्याच आवृत्तीने वाचकाच्या हाती ठेवली आहे. संपादन आणि पुसणे यांतील भेद तो हाच.

तंत्रदृष्ट्या धूसर छायाचित्राच्या बाबतीत हे अशक्य नाही. पोर्ट्रेट पद्धतीने काढलेल्या चित्रासोबत अंतराचा नकाशा साठविला जातो आणि धूसरता मागाहून काढूनही टाकता येते; लाइटरूमही मूळ चित्राला हात न लावता बदल वेगळे नोंदवून ठेवते. खंड पडतो तो चित्र दुसऱ्याकडे पाठविताना, छापताना, संग्रहात दाखल करताना. तेथे केवळ अंतिम पाठ पुढे जातो. तळटीपा मागे, मूळ मालकाच्या उपकरणात राहतात, आणि ते उपकरण बदलले की नाहीशा होतात. म्हणून ग्रंथालये, वाङ्मयीन संस्था आणि स्मरणिकांचे संपादक यांनी निदान एवढे पथ्य पाळावे : जुने समूहचित्र संगणकावर उतरविताना मूळ प्रत अविकृत जतन करावी, छापलेल्या चित्राची पार्श्वभूमी धूसर केली असल्यास तसे चित्राखाली नमूद करावे, आणि धूसर प्रतीलाच मूळ मानून संग्रहात ठेवू नये.

समीक्षेपुरते बोलावयाचे तर, आपल्या विद्यार्थ्यांना आपण निवेदकाचा दृष्टिकोन ओळखावयास शिकवितो, मौनाच्या जागा वाचावयास शिकवितो. यापुढे त्यांच्यासमोर येणाऱ्या छायाचित्रांपैकी अनेकांत एक अदृश्य निवेदक असणार आहे, आणि तो कोणास माणूस मानतो व कोणास माणसामागचा पसारा, हे तपासणेही वाचनाचाच भाग आहे. धूसर भागापाशी थांबून येथे कोण उभे होते, हा प्रश्न विचारण्यापासून त्याची सुरुवात होऊ शकेल.